गावात का फाट्यावर?

परवा दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात पार्सलवाल्या पोराचा फोन. "काका, गावात राहता का फाट्यावर?"

"गावात."

"मग या की फाट्यावर. तिकडं आत कोण येतंय!"

गेलो. माझ्या लहानपणी इथं एक लिंब आणि एक पंक्चरवाला. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांनी एकेक ओळ: खताचं दुकान, सलून, बार, मंगल कार्यालय. आणि त्यांच्या पाठीला लगेच तूर. नुसती लांबी, रुंदी नाहीच.

आजी गावाला 'पांढरी' म्हणायची. शेत ती काळी, गाव ती पांढरी. मातीची घरं पडायची, त्याच ढिगावर नवी उठायची. राख, शेण, चुना मुरत मुरत जमीन पांढुरकी आणि उंच होत गेली. मराठवाड्यातल्या तेर, भोकरदनच्या टेकाडांत सातवाहनांच्या वेळच्या वस्त्या सापडल्या, त्या अशाच एकीवर एक.

आणि घरं किती खेटून! वेशीपासून मारुतीपर्यंत मी माळवदांवरूनच, म्हणजे मातीच्या सपाट छतांवरूनच जायचो, पाय जमिनीला न लावता. कुणाकडं काय शिजतंय ते धूर जायच्या भोकातून वर यायचं. "कोण मेला नाचतोय वर? वरणात माती पडली की!" ही शिवी खाल्ल्याशिवाय दुपार सरायची नाही.

खेटून राहण्यात हौस नव्हती. दरोड्याची भीती होती आणि आड एकच होता. पुढं शेतात बोअर आलं, लाईट आली, भावकीत वाटण्या झाल्या. निम्मं गाव आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहायला गेलं.

मग 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची पहाट. भूकंप झाला. किल्लारीकडं दगडमातीच्या जाड भिंती आणि तीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आमचं गाव वाचलं, तरी कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपलो. तिकडची 52 गावं उठवून दुसरीकडं वसवली, पट्टीनं आखल्यासारखे रुंद रस्ते टाकून. आत्याला तिथं घर मिळालं. "चांगलं आहे रे," ती म्हणायची, "पण विरजण मागायला जायचं तर चप्पल घालावी लागती." छताखाली मात्र ती पुढं कधी गाढ झोपली नाही.

पार्सल घेऊन मी परत निघालो. पोरगा म्हणाला, "काका, इकडंच बांधा की घर."

खोटं कशाला बोलू, थोरल्यानं तिथं दोन गुंठे घेऊन ठेवलेत. मोजायला टेप मीच धरला होता.