एमआरआयच्या रिपोर्टमध्ये न लिहिलेला स्नायू

काजूचा हंगाम ऐन भरात असताना गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एक वहिनी फिजिओथेरपीसाठी आल्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, काम बागायतीत बोंडू वेचायचं. कंबर काही वर्षांपासून दुखत होती आणि दर मार्चमध्ये उसळायची. "पेंकट धरलं की उठताच येत नाही बघा, डॉक्टर," म्हणाल्या. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगली आहे, नसेवर दाब नाही. "गादी सरकली" एवढंच घरच्यांच्या लक्षात राहिलं आणि कमरेला पट्टा चढला, तो फक्त झोपताना सुटायचा.

गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलं, असं होत नाही. 2015 सालच्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्याही गाद्या फुगलेल्या आढळल्या : विशीतल्यांपैकी 30 टक्क्यांच्या, ऐंशीच्या घरातल्यांपैकी 84 टक्क्यांच्या. म्हणून मी रिपोर्ट बाजूला ठेवून फिल्म प्रकाशाला धरली. आडव्या छेदात मणक्याला अगदी चिकटून, दोन्ही बाजूंना मल्टिफिडस नावाचा स्नायू दिसतो. निरोगी स्नायू काळसर, चरबी पांढरी. डाव्या बाजूचा गडद आणि भरलेला होता. उजव्या बाजूचा खालच्या दोन पातळ्यांवर बारीक झालेला आणि पांढऱ्या रेघांनी भरलेला. वहिनींचं दुखणंही उजवीकडेच, तिथंच. रिपोर्टमध्ये याची एक ओळसुद्धा नव्हती.

हा स्नायू दोन ते चार मणक्यांना बांधून धरतो. आपण हात वर उचलण्याआधीच तो थोडा आवळतो आणि मणका जागच्या जागी राहतो. गादी किंवा सांधा दुखावला की मज्जारज्जूकडून त्याला मिळणारी आज्ञा दबते आणि तो त्या पातळीवर, त्या बाजूला लवकर बारीक होतो. दुखणं थांबलं की तो आपोआप भरून येईल हा भरवसा धरता येत नाही, हे 1990 च्या दशकात सोनोग्राफीने मोजून दाखवलं गेलं. दुखणं परत परत का येतं, याचं किमान काही जणांपुरतं एक कारण मला इथं दिसतं.

आधी धोक्याच्या खुणा विचारून घेतल्या : लघवी-शौचावरचा ताबा, जांघेतली बधिरता, पाऊल लटकं पडणं, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. यातलं काही असतं तर व्यायाम न देता तातडीने डॉक्टरांकडे पाठवलं असतं. काहीच नव्हतं.

मग त्यांना पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवलं. पाचव्या मणक्याच्या मधल्या हाडापासून बोटभर अंतरावर दोन्हीकडे माझे अंगठे. "श्वास चालू ठेवा, कंबर हलवू नका, अंगठ्याखालचं मांस हळूच फुगवा." डावा अंगठा सावकाश वर ढकलला गेला. उजव्याखाली काहीच झालं नाही. उलट बरगड्यांखालच्या लांब स्नायूंच्या दोन दोऱ्या ताठ उभ्या राहिल्या. इथंच बहुतेकांची फसगत होते. आतला झोपलेला असताना बाहेरचे लांब स्नायू त्याचं काम ओढतात, दिवसभर आखडून राहतात आणि दुखतात. तेलाने रगडलं की त्यांना तासभर बरं वाटतं. पालथं पडून छाती आणि पाय एकदम उचलायचा व्यायामही सुरुवातीला त्यांनाच आणखी राबवतो.

म्हणून पहिले काही दिवस एवढंच : तोच हलका आवळ, 10 सेकंद, 10 वेळा, दिवसातून दोनदा. जोर लावायचा नाही. श्वास कोंडला, ढुंगण आवळलं किंवा कंबर वर उचलली, तर ती खेप मोजायची नाही. उजवीकडे कळेना, तेव्हा त्यांचंच बोट त्या जागी ठेवायला लावलं आणि चौथ्या-पाचव्या खेपेला बोटाखाली हलकी धडक लागली. "आता कळलं," म्हणाल्या, आणि पुन्हा पुन्हा करून बघत बसल्या.

पुढे हातापायांवर ओणवं होऊन फक्त टाच मागे सरकवायची. कमरेवर आडवी काठी ठेवायची, ती घसरली तर पाय जास्त वर गेला. ते जमल्यावर विरुद्ध बाजूचा हातही : 10 सेकंद धरून सहा खेपा, मग विश्रांती, चार, मग दोन. पट्टा एकदम काढला नाही. आधी फक्त वजन उचलताना, मग तेव्हाही नाही.

कामात दोन बदल केले. बोंडू वेचायला वहिनी पहाटे उठल्याबरोबर निघत. रात्रभर आडवं राहून गाद्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात आणि तेव्हा वाकल्यावर त्यांवर ताण जास्त येतो. म्हणून पहिला तासभर खिळा लावलेल्या काठीने उभ्यानेच फळं टोचून घ्यायची, वाकणं नंतर. बादली कडोकाठ एकच नको, अर्ध्या-अर्ध्या दोन, दोन्ही हातांत.

जूनपर्यंत पालथं पडून कमरेवरचं अंग टेबलाबाहेर आडवं धरून ठेवण्याच्या चाचणीत त्या वीसेक सेकंदांवरून दीड मिनिटापर्यंत आल्या. ही चाचणी 240 सेकंदांना थांबवतात. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण वाकून उठताना हात मांडीवर टेकावा लागत नव्हता. त्यांना पुन्हा एमआरआय हवा होता, मी नको म्हटलं. साचलेली चरबी सहजी जात नाही. ताकद मात्र चरबी असतानाही वाढते. आणि निव्वळ या एका स्नायूचे व्यायाम बाकीच्या व्यायामांपेक्षा नक्की सरस ठरतात असंही नाही, म्हणून चालणं आणि मांड्यांचे व्यायामही ठेवले.

पुढे भाताची लावणी होती. तीत दर वीस मिनिटांनी उभं राहून, तळवे कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकायचं, आणि व्यायाम पावसातही आठवड्यातून तीनदा चालू ठेवायचा, असं ठरवून त्या वाळपईच्या बसला गेल्या.