तुम्ही विचारलंत म्हणून: गोदी की तलाव?

"गुरुजी, आपल्या भंडाऱ्यात समुद्र नाही, मग त्या लोथलचं एवढं काय घेऊन बसता?" लग्नात विचारतात, एसटीत विचारतात. लोथल म्हणजे गुजरातमधलं हडप्पा संस्कृतीचं गाव. लगेच पुढचा प्रश्न, "तिथला तो हौद खरंच गोदी होती का?" मी दुसऱ्यावर तासभर बोलतो आणि पहिला टाळतो.

पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९५५ पासून तिथे खोदकाम केलं. भाजक्या विटांचा, सुमारे २१४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद हौद निघाला. ती गोदी, असं ते म्हणाले. १९६८ मध्ये लेश्निक या अभ्यासकांनी तो पाण्याचा तलाव ठरवला. राव ज्यांना नावेचे नांगर म्हणत, ते भोकाचे दगड लेश्निक यांच्या मते पाणी उपसायच्या दांड्याची वजनं होती. मी रावांच्या बाजूचा. वखारीत ६५ मातीचे ठसे मिळाले, त्यांच्यावर दोरीचे, चटईचे वण. इराणच्या आखाताकडची मुद्राही मिळाली. माल बांधून पाठवणाऱ्या गावाला गोदी नको?

बाबांना मीच लोथलला नेलं. आमच्या गावच्या मालगुजारी तलावाचा तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, त्यांनी कित्येक वर्षं उघडला, मिटवला. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती पाणी गेलं ते त्यांना चिखलाच्या रंगावरून कळायचं. हौदाच्या काठाने ते पावलं मोजत चालले. दक्षिणेच्या भिंतीत पाणी बाहेर सोडायची जागा आहे, तिथे थांबले. फळ्या बसवायच्या खाचेकडे बोट दाखवून म्हणाले, "हे तं तुडुमाचंच काम होय, बापू. पाणी अडवलंय इथं."

आसपास माणसं होती. एकजण हसला. मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला समुद्राचं काय कळतं? तुम्ही तलावापलीकडे काही पाहिलंय का?"

खरं तर रावही तेच सांगत होते: ओहोटीत नावा तरंगत्या राहाव्यात म्हणून फळ्या टाकून पाणी अडवायचं. बाबांनी ते वाचलं नव्हतं, नुसतं पाहून ओळखलं होतं. ते गप्प झाले. परतीच्या गाडीत त्यांनी डब्यातली भाकर माझ्यासमोर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी माफी मागितली नाही. तेव्हा मला वाटत होतं, मी विज्ञानाच्या बाजूने बोललो. आता त्या माणसाची, म्हणजे माझीच, बाजू मला घेता येत नाही.

पाच-सहा महिन्यांनी, धानाला पाणी सोडायच्या दिवसांत, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे असताना ते आपणहून बोलले. "तिथली पाळ उभी होती. तलावाची पाळ कोणी उभी बांधते का? ढोरं कोठून उतरतीन? आन् एवढ्या भाजल्या विटा तलावाले कोण लावते?" त्यांचं म्हणणं त्या दिवशी अर्धंच झालं होतं. उरलेलं अर्धं माझ्याच बाजूचं होतं.

२०२४ मध्ये गांधीनगरच्या आयआयटीच्या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांवरून दाखवलं की साबरमती पूर्वी लोथलजवळून वाहायची. बाबा गेल्यानंतरची ही बातमी. वाचून मी उठून उभाच राहिलो. आणि मनात त्यांचाच आवाज आला: नदी जवळ होती, तं मग तलाव काहून नसन?

मला अजून उत्तर देता आलेलं नाही.