तात्पुरता बाण

मे महिन्यातल्या एका दुपारी मुंबई-गोवा महामार्गावरून कोलाड ओलांडून माणगावकडे जात असताना ‘काम चालू आहे’ आणि ‘वळण रस्ता’ या दोन सरकारी फलकांच्या मध्ये, शेजारच्या आंब्याच्या कुंपणाला तारेने बांधलेला एक पत्रा मला दिसला. त्यावर लाल ऑइलपेंटने लिहिले होते, ‘हॉटेल चालू आहे. डावीकडून खाली या.’ पाट्या वाचत जाण्याची आणि त्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करण्याची मला जुनी खोड आहे. पण या पाटीत दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते आणि हॉटेलचे नावही नव्हते. नाव नाही म्हणूनच मी गाडी डावीकडून खाली घेतली.

चहा येईपर्यंत मी त्या निनावी पाटीविषयी विचारले, तेव्हा मालकांनी गल्ल्याखालून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. या रस्त्याचा क्रमांक सतराचा सहासष्ट झाला, २०११ मध्ये पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम सुरू झाले, आणि त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आता मतदान करू लागली आहेत. एवढ्या काळात हॉटेल होते तिथेच राहिले. त्याच्यापर्यंत येणारी वाट मात्र कधी डावीकडून, कधी उजवीकडून, तर कधी मागच्या पाणंदीतून येत गेली. म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीकडे ‘काम पूर्ण होईपर्यंत तीन जादा फलक लावण्यास ना हरकत मिळणेबाबत’ अर्ज केला होता. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोहोच, मासिक सभेतला ठराव, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ असे सगळे कागद फाइलमध्ये क्रमाने लावलेले होते. सूचकांची स्वतःची वडापावची गाडी थोडी पुढे उभी असते, ही माहिती कागदात नव्हती. ती मालकांनी हसत तोंडी दिली.

‘बाबतचा अर्ज’ हे शब्द वाचताच मला आमच्या वडिलांचे दुकान आठवले. तालुक्याच्या गावी त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, म्हणजे एक काचेचे टेबल, एक भिंग आणि बसायला एक स्टूल. मी चौथीत असताना गटारासाठी बाजारातला रस्ता खणला गेला आणि दुकानासमोर मातीचा ढीग उभा राहिला. अण्णांनी नगरपालिकेत दोन पाट्यांसाठी अर्ज दिला, एक चौकात आणि एक पोस्टाच्या कोपऱ्यावर. लेखनिकाने चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “ही जाहिरात आहे की दिशादर्शन? जाहिरात असेल तर कर भरावा लागेल.” दुकानाचे नाव असेल तर जाहिरात, नुसता बाण असेल तर दिशादर्शन, असा निवाडा पाचेक मिनिटांत झाला. अण्णांनी मुकाट्याने अर्जातले स्वतःचे नाव खोडले आणि खोडलेल्या जागी सही केली.

पेंटरने पत्र्यावर खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारली, तशी पांढरी सरळ रेघ उमटली. मग मनगटाखाली काठी धरून त्याने ‘घड्याळ दुरुस्ती’ एवढेच लिहिले. टर्पेंटाइनचा तो वास अजूनही कुठे आला की मला चौथीचा वर्ग आठवतो. बाण मात्र अण्णांनी त्याला काढू दिला नाही. मजूर आज या बाजूने खणत, उद्या त्या बाजूने, आणि दर वेळी पेंटरला बोलावणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी पत्र्याचा बाण वेगळा कापला आणि घड्याळाच्या काट्यासारखा मधोमध एका नटवर बसवला. मंजुरीच्या कागदात पाटीची लांबी, रुंदी आणि मजकूर लिहिला होता, बाणाचे तोंड कुठे असावे हे लिहिले नव्हते. रोज सकाळी शाळेत जाताना वाट कोणत्या बाजूने मोकळी आहे ते पाहायचे आणि बाण फिरवायचा, हे काम माझ्याकडे आले. एकदा परीक्षेच्या गडबडीत मी तो फिरवायला विसरलो, आणि दिवसभर लोक ‘घड्याळ दुरुस्ती’ शोधत शेजारच्या सुताराकडे जात राहिले. संध्याकाळी सुताराने तीन घड्याळे आणून अण्णांच्या टेबलावर ठेवली. त्याने ती नावानिशी उतरवून घेतली होती.

अण्णांना ज्या लेखनिकाने अडवले त्याचा मला तेव्हा फार राग आला होता. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी पावसात पेट्रोलपंपावर भलामोठा जाहिरात फलक कोसळला आणि सतरा माणसे गेली, त्या रात्री बातम्या पाहताना तो लेखनिक मला पुन्हा आठवला. आमची पाटी अडीच फुटांची होती, तो फलक सुमारे १२० फूट लांबरुंद होता. पण लांबी किती, रुंदी किती, कशाला बांधणार, हे कोणीतरी विचारायला हवे, एवढे तेव्हापासून मला पटले आहे.

हॉटेलमालकांनाही ते पटलेले दिसले. ग्रामपंचायतीची ना हरकत महामार्गाच्या जमिनीवर चालत नाही, तिथे २००२ च्या कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची परवानगी वेगळी लागते, हे त्यांनी मला पोटतिडकीने समजावले. ती मिळेपर्यंत पहिला फलक शेजाऱ्याच्या खाजगी कुंपणावर राहणार होता, आणि त्या शेजाऱ्याचे संमतीपत्रही फाइलमध्ये होते. नाव का नाही लिहिले, असे मी विचारले. “साहेब, एवढ्या धुळीत माणूस नाव कुठे वाचतो? चालू आहे की बंद, एवढेच बघतो.”

समोर उड्डाणपुलाचे खांब उभे होते. पूल झाल्यावर गाड्या डोक्यावरून निघून जातील, मग पाटी कुठे लावणार, असे मी चहाचे पैसे देता देता विचारले. त्यांनी वर पाहिले, फाइलची दोरी बांधली आणि म्हणाले, “त्याचा अर्ज वेगळा.”