ब्रॅकेटमधला स्क्रू

गाडी आली होती फक्त मडफ्लॅपसाठी, म्हणजे चाकामागे चिखल अडवायला लावतात त्या रबरी पट्ट्यासाठी. मागचा डावा फ्लॅप गायब होता, आतल्या ब्रॅकेटला रबराची बोटभर चिंधी तेवढी लटकत होती. कारण विचारायची गरजच नव्हती. खडकाळ चढावर गाडी अर्ध्यातून मागे घेतली की फ्लॅपचं खालचं टोक टायर आणि दगडाच्या मध्ये सापडतं. उलटं फिरणारं चाक मग त्याला स्वतःखाली ओढून घेतं. रबर फाटलं तर सुटलो म्हणायचं. जाड फ्लॅप फाटत नाही, तो पत्रा वाकवून घेऊन जातो. इथे बाहेरच्या कडेची दोन्ही भोकं लांबट झाली होती आणि पत्र्याची कड चांगलीच मुडपली होती.

चावी देताना मालक सहज बोलून गेले, "एबीएसचा दिवा मधूनच लागतो हो. सेन्सर एकदा बदलून झालाय. चार महिने बरं चाललं, आता पुन्हा तेच. रस्त्यावर काही नाही, पण आडवाटेला गेलं की लागतोच. उतारावर ट्रॅक्शन कंट्रोलही बंद पडतं."

एबीएस म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाक जागच्या जागी घसरून फिरू न देणारी. चाकाजवळचा सेन्सर दोघांनाही चाकाचा वेग कळवतो. मी ऐकून घेतलं. काम फ्लॅपचं होतं.

टायर आधीच्यापेक्षा मोठे बसवलेले होते, म्हणून माप घेण्याआधी मी पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक जाड ठोकळ्यांवर चढवलं. तिरप्या बाजूची दोन चाकं अशी उचलली की स्प्रिंग दबते, चाक कमानीत वर शिरतं आणि टायर नेमका कुठपर्यंत येतो ते दिसतं. सपाट जमिनीवर माप घेऊन बसवलेला फ्लॅप पहिल्याच खड्ड्यात टायरला घासतो. ही पायरी मी कधी सोडत नाही.

टॉर्च घेऊन खाली गेलो. टायरला जागा पुरेशी होती. पण चासीवरून एक्सलकडे जाणारी सेन्सरची वायर, जी एरवी सैल लोंबते, तिचा वळसा चाक वर गेल्यामुळे फुगून मागे आला होता आणि ब्रॅकेटमधून निघालेल्या स्क्रूच्या टोकावर टेकला होता. वायर बोटाने बाजूला केली. वरचं आवरण दोन ठिकाणी सोललेलं, एका ठिकाणी तांबं दिसत होतं. म्हणजे चाक वर गेलं की स्क्रू टोचणार, खाली आलं की सगळं ठीक. नवा सेन्सर त्याच्या वायरीसकट आला, त्याच वाटेने बसला आणि त्याच टोकावर चार महिने घासत राहिला.

मग स्क्रूचं डोकं बघायला मागच्या बाजूने गेलो. चिखल खरवडला तर खाली पिवळ्या रंगाचा ठिपका. आवळून झालेल्या स्क्रूवर असा ठिपका मी लावतो.

वही काढली. दोन वर्षांपूर्वी या गाडीचे चारही फ्लॅप मीच बसवले होते. तो दिवसही आठवला. बरीच कामं रांगेत होती, म्हणून चाक न काढता मागूनच स्क्रू मारले होते. ब्रॅकेटचा पत्रा 2 मि.मी., रबर 6 मि.मी., आणि स्क्रू 25 मि.मी. लांब. 17 मि.मी. टोकदार लोखंड मी चाकाच्या बाजूला उघडं ठेवलं होतं. या गाडीने त्यानंतर किती उतार पाहिले असतील, हा विचार त्या रात्रीही डोक्यातून जाईना.

मालकांना बोलावून टॉर्चच्या उजेडात सगळं दाखवलं. "हा स्क्रू माझा आहे," म्हणालो. ते बराच वेळ वाकून वायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उजवीकडेही असाच असेल ना?" होता. तिथली वायर थोडी वरून जात होती, म्हणून वाचली.

या वेळी चारही चाकं काढली. वाकलेली कड सरळ केली, गंज घासून प्रायमर मारला. स्क्रूऐवजी 6 मि.मी. जाडीचे, 20 मि.मी. लांबीचे बोल्ट घेतले. गोल डोकं चाकाकडे, नट मागे. दोन्हीकडे रुंद वायसर, कारण अरुंद वायसर रबरात रुततो आणि भोक तिथूनच फाटायला लागतं. नट नायलॉनच्या कड्याचे, हादऱ्याने सैल न होणारे. डाव्या चाकाचा सेन्सर वायरीसकट नवा घातला आणि वायर ब्रॅकेटपासून दूर क्लिपने धरली. सेन्सरचे पैसे घेतले नाहीत.

गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवली, मग उलट्या तिरप्यात. टायर आणि फ्लॅपमध्ये दोन बोटं सहज जात होती, वायर कुठेच टेकत नव्हती. स्कॅनर लावून गाडीत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला आणि गाडी खडबडीत वाटेवर तासभर फिरवली. दिवा लागला नाही.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली. त्याच महिन्यात आणखी तीन गाड्यांना तसेच स्क्रू मारल्याची नोंद होती. पहिला फोन लावला आणि विचारलं, "गाडी उद्या आणता येईल का?"