शेवंतीची सुकट

शेवंतीचं पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागतंय, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. जूनचा शेवट होता. तेरा वर्षांची मांजर, डोंबिवलीचा उकाडा, पाणी पिणारच, असं मी धरून चालले होते. मग तिच्या शी-शूच्या वाळूतले, म्हणजे लिटरमधले, गोळे मोठे दिसायला लागले. वजन केलं तर ३.९ किलोवरून ३.१ वर आलेलं. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ३.२, फॉस्फरस ६.१, दोन्ही जास्त, आणि लघवी पाण्यासारखी पातळ. किडनीचा जुना आजार, तिसरा टप्पा.

ज्या दवाखान्यात निदान झालं, तिथे रीनल फूडची, म्हणजे किडनीच्या आजारासाठीच्या खाण्याची, पिशवी हातात देऊन सांगितलं, "आजपासून फक्त हेच." मी तसंच केलं. शेवंतीने दाणे हुंगले, पंजाने जमीन उकरल्यासारखं केलं आणि कपाटाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात काही नाही. भूक लागली की खाईल, असं मला वाटत होतं. हा समज मांजराच्या बाबतीत फार धोक्याचा आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि त्यात जीव जाऊ शकतो. सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी मला बाजूला केलं. "आजारी जिवाला उपाशी ठेवतात का गं?" असं म्हणत त्यांनी मांदेली उकडली, काटे काढले आणि पुढ्यात ठेवली. शेवंतीने खाल्ली.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं: आधी खाणं, मग योग्य खाणं. तिला मळमळ होत होती, त्यावर गोळी दिली, कातडीखालून सलाईन दिलं. मळमळत असताना जे पुढ्यात येतं त्याचा मांजराला कायमचा तिटकारा बसू शकतो, म्हणून नवं खाणं आठवडाभर पूर्ण बंद. गोळीसुद्धा त्यात मिसळायची नाही.

त्या आठवड्यात मी खाण्याचा अभ्यास केला. किडनीच्या खाण्यात मुख्य गोष्ट फॉस्फरस कमी असणं. प्रथिनंही बेताची, पण चांगल्या प्रतीची, सोबत ओमेगा-३. म्हाताऱ्या मांजरांसाठी म्हणून मिळणारं साधं खाणं म्हणजे हे नव्हे. खालच्या मजल्यावरच्या ताईंनी मायेने त्यांच्या बोक्याची उरलेली पिशवी आणून दिली, ती मूत्रखड्यांसाठीची निघाली. पिशव्या दिसायला सारख्या, पण त्यातली काही खाणी लघवी आम्लधर्मी करतात आणि किडनी थकलेल्या मांजराला ते चालत नाही. घरी नुसतं चिकन उकडून घालणंही पुरेसं नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच.

आणि आमची सुकट. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. श्रावणात घरात मासे शिजत नाहीत, पण शेवंतीसाठी मूठभर सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, वेगळ्या तव्यावर भाजली जायची, तेरा वर्षं. सुकट सालीसकट, म्हणजे फॉस्फरस आलाच, वर मीठ. हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. डबा मात्र वरच्या फळीवर गेला.

बदल करायला सात आठवडे लागले. पिशवीवर सात-दहा दिवस लिहिलेले असतात, पण तिचा वेग तिचाच होता. आधी नवं खाणं वेगळ्या ताटलीत, जुन्याच्या शेजारी, नुसतं वास घ्यायला. मग जुन्यात एक चमचा. एक चतुर्थांशावर येऊन आम्ही दोन आठवडे अडकलो. कोरडे दाणे तिने कधीच स्वीकारले नाहीत. हिल्स कंपनीचा लगदा चाटून सोडला, रॉयल कॅनिन कंपनीच्या पाऊचमधले रश्श्यातले तुकडे मात्र खाल्ले. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: मोठी पिशवी आधीच घेऊ नका, लहान-लहान आणा आणि तिला निवडू द्या. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर खाणं मोजायचे आणि रविवारी तिचं वजन. वजन उतरलं की त्या आठवड्यात प्रमाण पुढे ढकलायचं नाही.

फ्रीजमधलं थंड खाणं ती बघायचीही नाही. यावर उपाय सासूबाईंनी काढला. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, बोट बुडवून कोमट लागलं की द्यायची. आमचा दुसरा बोका, दोन वर्षांचा गुंड्या, त्या वासाने वेडा होतो. तरुण, धडधाकट मांजराचं हे खाणं नाही, म्हणून शेवंतीचं जेवण आतल्या खोलीत, दार लावून. सासूबाई शेजारी पाटावर बसतात. पूर्वी मासे साफ करताना मारायच्या तीच हाक, "ये गो बाय."

गणपतीनंतर पुन्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन ३.०, फॉस्फरस ४.७. रिपोर्ट हातात घेऊन मी धावतच घरी आले आणि सासूबाईंना आकडे वाचून दाखवले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आई, वजन शंभर ग्रॅम वाढलंय."

"मग तसं सांग ना," म्हणत त्या पातेल्यात पाणी ठेवायला उठल्या.