रोल्ला ते शिल्ट: ‘सोपा फॉरेस्ट वॉक’ म्हणून खपवलेली चढण

‘फॅमिली-फ्रेंडली फॉरेस्ट वॉक, जुजुराणा साइटिंग गॅरंटीड, १०० टक्के कम्युनिटी-बेस्ड.’ पैसे भरण्याआधी पॅकेज विकणाऱ्या कंपनीकडून आम्हाला आलेल्या पीडीएफवर हे असं छापलं होतं. (जुजुराणा हा तिथला पक्षी, त्याच्याबद्दल पुढे.) यातलं ‘फॉरेस्ट’ तेवढं खरं निघालं.

जागा म्हणजे हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, तीर्थन खोऱ्याच्या बाजूने. दिल्ली-मनाली बसने औटला उतरायचं, तिथून बंजार आणि पुढे गुशैणी. गुशैणीहून रोल्ला हा पहिला मुक्काम साधारण दहा किलोमीटर, नदीकाठाने. छान आहे, सोपं आहे, फोटो सगळ्यांनी टाकलेलेच आहेत, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही.

खरी गोष्ट रोल्लाच्या पुढे सुरू होते. रोल्ला सुमारे २१०० मीटरवर, पुढचा मुक्काम शिल्ट सुमारे ३१०० वर. म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढण्यापेक्षाही थोडी जास्तच उंची, पण रेलिंग नाही, शिड्या नाहीत, लिंबूसरबत नाही आणि सुरुवातच कळसूबाईच्या डोक्यापेक्षा वरून. पीडीएफमध्ये याला ‘मॉडरेट असेंट’ म्हटलंय. ज्याने हे लिहिलं तो शिल्टला गेलेला नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. वाट नाकासमोर चढते. सपाटी अशी नाहीच. खारसू ओकची वाळकी पानं वाटेवर घोट्यापर्यंत साचलेली, त्यांच्याखाली दगड आहे की मूळ की नुसतीच हवा, ते पाय टाकल्यावर कळतं. वर देवदार गेले, तोश (फर) आणि राई (स्प्रूस) आले, धाप तशीच. ‘बस थोड़ा सा है सर’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सकाळ होती. जेवणाचे डबे उघडले, बंद झाले, तरी थोडासाच राहिला होता.

पाणी: रोल्लालाच माणशी तीन लिटर भरून घ्या. वाटेत भरवशाचं पाणी आम्हाला कुठेही मिळालं नाही. काठी एक नाही, दोन. तळ झिजलेले बूट घरी ठेवा. सह्याद्रीत चालतात म्हणून इथे चालतील असं नाही. पहाटे सहाला निघा, नऊला निघालात तर अर्धी चढण उन्हात. आणि ज्याला जिने चढताना गुडघा कुरकुरतो त्याने रोल्लालाच मुक्काम करावा, नदीत पाय सोडून बसावं. त्यात कमीपणा काही नाही.

आता जुजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपॅन, हिमाचलचा राज्यपक्षी. तो बघायचा तर एप्रिलअखेर ते मे, कारण तेव्हा नर ओरडतो. ‘वाँऽऽ, वाँऽऽ’, हरवलेल्या कोकराने हाक मारावी तसा. पहाटे अंधारात शिल्टच्या वरच्या उतारावरून तो आवाज आला आणि आदल्या दिवशीची सगळी बोंबाबोंब मी क्षणात माफ केली. (संध्याकाळी परत सुरू केली.) आवाज आला की पक्षी दिसतोच असं मात्र नाही. निरगालच्या, म्हणजे बुटक्या बांबूच्या, जाळीत एक मान दिसली: तांबडी, त्याखाली काळ्यावर पांढरे ठिपके. दुर्बीण फोकस होईपर्यंत जाळी रिकामी. कॅमेऱ्यात बांबूची पानं आली आहेत, अतिशय शार्प.

‘गॅरंटीड’चं रहस्य त्याच वेळी उलगडलं. दिल्लीहून आमच्यासोबत पाठवलेल्या ‘एक्स्पर्ट’ने खिशातून ब्लूटूथ स्पीकर काढला आणि रेकॉर्ड केलेली हाक लावली. प्रजननाचा हंगाम, नर आधीच हद्द सांभाळण्यात गुंतलेला, त्यात हा नकली प्रतिस्पर्धी. गुशैणीच्या आमच्या गाईडने न बोलता तो स्पीकर त्याच्या हातातून घेतला, बंद केला आणि स्वतःच्या जॅकेटच्या आतल्या खिशात टाकला. परत दिला तो रोल्लाला. तुमच्यासोबतच्या कुणी स्पीकर काढला तर हेच करा.

आता पैसे. बिलात ‘कम्युनिटी कॉन्ट्रिब्यूशन’ अशी स्वतंत्र ओळ होती, आणि ती रक्कम पोर्टरच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. शिल्टला चहा पिताना ती ओळ गाईडला मोबाईलवर दाखवली. तो हसला. ‘सर, हमें तो दिहाड़ी मिलती है. वो भी ट्रेक के बाद.’

हे का खुपतं, ते सांगायला हवं. या पार्कची पहिली अधिसूचना १९८४ ची, अंतिम १९९९ ची. त्या अंतिम अधिसूचनेनंतर आत गुरंमेंढ्या चारणं, जडीबुटी काढणं, वसंतात गुच्छी मशरूम वेचणं, सगळं बंद झालं. जुन्या नोंदींत ज्यांचे हक्क होते त्यांना भरपाई मिळाली, बाकीचे तसेच राहिले. २०१४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा आला, पाटी लागली. गाईड आणि पोर्टरचं काम ही त्या गावांना मिळालेली थोडीशी परतफेड. आमच्या गाईडचे वडील याच उतारावर जडीबुटी काढायचे. कस्तुरीमृगाची विष्ठा त्याने पाच पावलांवरून ओळखली, अस्वलाने ओरबाडलेलं झाड दाखवलं, समोरच्या कड्यावर गोरल (बकरीसारखा डोंगरी प्राणी) उभं आहे हे आम्हाला दुर्बिणीतूनही दिसेना तेव्हा त्याला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. एक्स्पर्ट तेव्हा नेटवर्क शोधत होता.

म्हणून सरळ सांगतो: दिल्लीतून किंवा पुण्यातून पॅकेज घेऊ नका. बंजारला या, साई रोपाच्या पार्क कार्यालयात परमिट काढा, पार्कच्या फीची पावती स्वतःच्या नावाने घ्या. गाईड, कूक, पोर्टर तीर्थन खोऱ्यातल्या गावांतलेच घ्या. बीटीसीए ही तिथल्याच लोकांची संस्था आहे, तिथे चौकशी करा. रोजी आधी ठरवा, कूकसकट सगळ्यांची, आणि शेवटी ज्याची त्याच्या हातात द्या, एकाकडे गठ्ठा देऊन मोकळे होऊ नका. पोर्टर किल्ट्यातून, म्हणजे पाठीवरच्या टोपलीतून, ओझं नेतात, त्यात तुमचा कॅम्पिंग चेअर कोंबू नका. आमच्यातल्या एकाने कोंबला होता, आणि वर त्यावर बसलाही.

पावसाळ्यात अजिबात जाऊ नका. २०२३ च्या जुलैत शेजारच्या सैंजचा बाजार नदीने कसा नेला, त्याचे व्हिडिओ बघा म्हणजे वाद घालणार नाही. मेमध्ये शिल्टच्या वर बर्फ असू शकतो. भरल, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्या, बघायच्या आणि आकाश स्वच्छ हवं, तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, पण मग जुजुराणाच्या हाकेची आशा सोडा. रोख पैसे बंजारलाच काढून ठेवा. पार्कात नेटवर्क नाही, घरी आधीच सांगून जा.

आणि शिल्टहून उतरल्या दिवशीच रात्रीची दिल्लीची बस पकडायचा बेत आखू नका. तीच पानं, तेच दगड, आता उतरताना, आणि सगळा भार गुडघ्यांवर. गुशैणी किंवा बंजारला एक रात्र काढा. आम्ही काढली नाही. औटला आमच्यातल्या दोघांना बसच्या पायऱ्या कंडक्टरने हात धरून चढवल्या, आणि तिसऱ्याला वरून ओढावं लागलं.