चार ओळींची बातमी

बातमी कशी ठरते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीतही मला कोणीतरी गाठतंच: "आमच्या वस्तीत आठ दिवस नळ नाही, त्याची बातमी लागत नाही. बातमी ठरवता तरी कशी?"

पाठ केलेलं उत्तर आहे माझ्याकडे. गाल्टुंग आणि रुगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये बातमीमूल्याचे बारा घटक मांडले. मोठी माणसं, अनपेक्षित घटना, वाचकाशी जवळीक वगैरे. आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या निवडून कापतो तिथे, मात्र एकच प्रश्न चालतो, "यात नवीन काय?" हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ज्युनिअरांच्या तोंडावर मारला आहे.

नागपूरचं डिसेंबरचं अधिवेशन होतं. लीड, म्हणजे पानावरची मुख्य बातमी, होती विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणाबाजीची. पान छपाईला सोडायला दहा मिनिटं उरलेली आणि नरखेडच्या वार्ताहराची बातमी आली. संत्र्याची बाग वाळली, सोसायटीचं कर्ज, शेतकऱ्यानं विष घेतलं. मी म्हटलं, रोजचंच आहे. चार परिच्छेदांच्या चार ओळी केल्या आणि 'संक्षिप्त'मध्ये ढकलल्या.

पंधरा दिवसांनी त्याची बायको ऑफिसात आली. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, बँकेचं पासबुक आणि ते कात्रण, घडीवर फाटत आलेलं. कात्रण टेबलावर सरळ करत तिनं विचारलं, "भाऊ, याच्यात त्याइचं नाव कुठी हाये?"

नव्हतं. 'नरखेड तालुक्यातील शेतकरी' एवढंच होतं. नाव मीच कापलं होतं, एक ओळ वाचावी म्हणून. तिला मदत नको होती, तक्रारही नव्हती. नाव हवं होतं. मी तिला चहा विचारला. दुसरं काही सुचलंच नाही.

जागा कमी असते, हे खरंच आहे. त्या रात्री दुसरी बातमी काढून ही लावली असती, तर उद्या तिसरा कोणी विचारायला आला असता. पण 'नवीन काय' हा प्रश्नच कुठे चुकतो, ते या शहरानं आधीच दाखवलं होतं. अधिवेशनातला मोर्चा म्हणजे सिंगल कॉलम, एका रकान्यातली छोटी बातमी. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली, तेव्हा ती देशाची बातमी झाली. अनुसूचित जमातीच्या सवलतींची त्यांची मागणी मात्र आदल्या दिवशीही तीच होती.

आता मी नाव कापत नाही. बातमी मात्र अजूनही चार ओळींचीच करतो. परवाच एक केली, काटोलची.